खिचडी, हळद आणि लोणारचे पाणी

जिल्हा परिषदेच्या कोणत्याही प्राथमिक शाळेत सकाळी अकराच्या सुमारास गेलात, तर दोन ठिकाणी काम चालू असलेले दिसेल. वर्गात गुरुजी फळ्यावर पदार्थाच्या तीन अवस्था लिहीत असतात आणि आवाराच्या कोपऱ्यातल्या शेडमध्ये एक बाई भल्यामोठ्या पातेल्यात फोडणी देत असते. पाणी तापले की त्याची वाफ होते, हे वाक्य मुले वहीत उतरवून घेत असतात, त्याच वेळी पलीकडे खरोखरीच वाफ होत असते. दोन्ही जागांमध्ये अंतर असते वीस-पंचवीस पावलांचे. ही पावले मुले दिवसातून एकदाच चालतात, ताट घेऊन. वही घेऊन ती तिकडे कधीच जात नाहीत. माझे म्हणणे एवढेच आहे की, त्यांनी जावे.

आधी या पातेल्याचा थोडा इतिहास सांगायला हवा. केंद्र सरकारची शालेय पोषण आहार योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. पहिली काही वर्षे बहुतेक ठिकाणी महिन्याला तीन किलो धान्य पिशवीत घालून घरी दिले जाई. पुढे २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न द्या, असा आदेश दिला आणि राज्याराज्यांतून शाळेच्या आवारात चुली पेटल्या. २०२१ मध्ये योजनेचे नाव बदलले, मधल्या काळात पाककृतीही बदलल्या, मटकीची उसळ आली, पुलाव आला. तरी आपल्याकडे लोकांच्या तोंडी तिचे नाव 'खिचडी' असेच राहिले आहे. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा हिशेब आहे.

हे आकडे शाळेच्या भिंतीवर रंगवलेले असतात आणि मुख्याध्यापकांच्या रजिस्टरात रोज भरले जातात. आता समजा, चौथीच्या वर्गाला सकाळी सांगितले की, आज शाळेत ४६ मुले हजर आहेत, सांगा किती तांदूळ काढायचा? चार किलो सहाशे ग्रॅम. डाळ? नऊशे वीस ग्रॅम. तेल? दोनशे तीस. मुलांनी आधी हिशेब करायचा, मग तराजूत वजन करून पाहायचे. शिजवायच्या आधी एक वाटी तांदूळ आणि शिजल्यावर झालेला भात त्याच वाटीने मोजायचा. एका वाटीचा भात अडीच-तीन वाट्या होतो. ही वाढ आली कुठून? तांदूळ तर तेवढाच होता. मग पाणी कुठे गेले? गुणाकार, दशांश, वजनमापे, आकारमान आणि पदार्थाच्या अवस्था, एवढे सगळे अर्ध्या तासात होते आणि त्यासाठी एका पैशाचे साहित्य आणावे लागत नाही.

बँकेच्या नोकरीत पीककर्जांच्या निमित्ताने मी या जिल्ह्यातली पुष्कळ गावे पायाखाली घातली आहेत. अंगठा उठवणारा म्हातारा शेतकरी एकरी किती क्विंटल, त्यातून खळ्यावर किती गेले, घरी खायला किती पायली राहिले, याचा हिशेब माझे कॅल्क्युलेटर बाहेर येईपर्यंत सांगून मोकळा होई. त्याचाच सातवी पास झालेला मुलगा व्याजाचे सूत्र बरोबर म्हणून दाखवी, पण त्या सूत्राने आपल्याच कर्जावरचे व्याज काढायला सांगितले की गप्प होई. बापाला सूत्र ठाऊक नव्हते, मुलाला हिशेब ठाऊक नव्हता. शाळेने दोन्ही एकत्र आणायला हवे होते, ते झाले नव्हते.

स्वयंपाकाकडून विज्ञानाकडे जाणारी वाट आपल्या जिल्ह्यात तर फारच सरळ आहे. आपला जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन तुकड्यांत बोलला जातो. घाटाखाली पूर्णेच्या काठाने शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागात खारपाणपट्टा पसरला आहे. तिथल्या विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. कठीण पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, हे कोणत्याही गृहिणीला पुस्तकाशिवाय ठाऊक असते, कारण तिचे इंधन त्यात जळते. मग तिथल्या शाळेत दोन सारख्या पातेल्यांत सारखीच तूरडाळ घालावी, एकात विहिरीचे पाणी आणि दुसऱ्यात साठवलेले पावसाचे. घड्याळ लावून बसावे. दर पाच मिनिटांनी एक दाणा बोटांनी दाबून पाहावा आणि वहीत लिहावे. कोणती डाळ आधी शिजली, किती मिनिटांनी, हे मुलांनी स्वतः पाहिले म्हणजे पाण्यातल्या क्षारांबद्दलचा धडा त्यांना पाठ करावा लागणार नाही. तोच क्षार आपल्या वावरातले पीक का रोखतो, हा पुढचा प्रश्न त्यांच्यापैकीच कोणीतरी विचारील.

घाटावर जाऊ. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात दिसते. हळदीत चुना कालवला तरी तेच होते. हळद हा दर्शक आहे, अल्कधर्मी पदार्थ लागला की तिचा रंग बदलतो. सातवी-आठवीच्या पुस्तकात हे लिटमस कागदाच्या नावाने येते आणि बहुतेक ग्रामीण शाळांत तो कागद बघायला मिळत नाही. पण शाईटिपाचा किंवा साधा कोरा कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवला की तिसरीच्या मुलालाही दर्शक तयार करता येतो. लिंबाचा रस, ताक, खायचा सोडा, राख कालवलेले पाणी, चुन्याची निवळी असे थेंब टाकून बघायचे. कशाने रंग बदलतो, कशाने नाही, याचा तक्ता मुलेच करतील.

आणि मग त्याच कागदावर लोणारच्या सरोवराच्या पाण्याचा एक थेंब टाकावा. तिथे अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याला विचारूनच बाटलीभर पाणी आणायचे, हाही एक धडाच. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे, आकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने काळ्या बेसॉल्ट खडकात झालेले. ते किती वर्षांपूर्वी झाले, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही, कोणी पन्नास हजारांच्या आसपास म्हणतात, कोणी पाच लाखांच्या पुढे नेतात. त्याचे पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष बुलढाण्याकडे वळले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. गोडे पाणी मिसळत राहिल्याने सरोवराचा मूळ स्वभाव बदलेल, अशी काळजी अभ्यासक अलीकडे व्यक्त करत आहेत. अशा वेळी लोणार तालुक्यातल्या एखाद्या शाळेने दरवर्षी ठरावीक दिवशी, ठरावीक जागचे पाणी घेऊन हळदीचा कागद किती लाल झाला, याची नोंद ठेवली तर? दहा वर्षांत त्या शाळेजवळ मुलांच्या हातची एक वही तयार होईल, आणि ती वही कुठल्याही बक्षीस मिळालेल्या विज्ञान प्रदर्शनापेक्षा मोलाची असेल.

इथून इतिहासात शिरायला वेगळा तास घ्यावा लागत नाही. ज्या खाराने हळद लाल होते, त्याच खारावर लोणारचे लोक शेकडो वर्षे जगले. अकबराच्या काळात अबुल फजलाने 'ऐन-इ-अकबरी'त मेहकरच्या भागाचे वर्णन करताना इथे काच आणि साबण करण्याचे सामान मिळते, अशी नोंद केली. सरोवराच्या कडेला जमणाऱ्या क्षारांना लोकांनी त्यांच्या जातीप्रमाणे वेगवेगळी नावे दिली होती. गावातले दैत्यसूदनाचे देखणे मंदिर ज्या कथेवर उभे आहे, त्या कथेतल्या राक्षसाचे नावच लवणासुर आहे. विष्णूने त्याला त्याच्या बिळातून बाहेर ओढून मारले आणि ते बीळ म्हणजे हे सरोवर, अशी ती कथा. लवण म्हणजे मीठ, हे मुलांना सांगितले की त्यांचे डोळे कसे चमकतील! पाण्याच्या खारेपणाचे कोडे आपल्या पूर्वजांनाही पडले होते, त्यांनी ते गोष्टीच्या रूपाने सोडवले आणि आपण ते हळदीच्या कागदाने तपासतो आहोत, हे त्यांना आपोआप कळेल.

घाटाखालचे उदाहरण याहून जुने आणि याहून तातडीचे आहे. संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या खोऱ्यात भोन नावाचे गाव आहे. २००० नंतरच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केले. विटांच्या बांधकामाचा बौद्ध स्तूप, भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी आणि पाण्याच्या कालव्याच्या खुणा तिथे सापडल्या. काळ मौर्य-सातवाहनांचा, म्हणजे दोन हजार वर्षांच्याही मागचा. आपल्या जिल्ह्यातली मुले १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मोत्सवाची गर्दी पाहतात, चौथीच्या पुस्तकातून शिवरायांचे चरित्र आपल्या सगळ्यांच्याच पिढ्यांनी वाचले. ते हवेच. पण त्याहीआधी दीड-दोन हजार वर्षे याच मातीत एक नांदते गाव होते, तिथेही कोणीतरी चूल पेटवत होते, हे भोनच्या आसपासच्या किती मुलांना ठाऊक असेल? आज जिथे विहिरीचे पाणी खारे लागते, त्या पट्ट्यात त्या लोकांनी एवढ्या खटपटीने विहिरी का बांधल्या? ते पीत काय होते? शिजवत कशात होते? माती मळून, कडी थापून, भाजून बघितल्याशिवाय या प्रश्नांचे वजन कळत नाही. कुंभार अजून आपल्या गावांतून आहेत. त्यांच्याकडून एक कडे करून घ्यायला, नव्हे मुलांनी स्वतः करून बघायला, एक दिवस पुरेल. आणि तो दिवस लवकर यायला हवा, कारण हे स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. धरणाचे पाणी शेतीला हवे, याबद्दल वाद नाही. पण जे पाण्याखाली जाणार, ते आपल्या मुलांनी निदान एकदा डोळ्यांनी पाहिलेले असावे.

हे सगळे माझ्या डोक्यातून निघालेले नाही. अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठात जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाने १८९६ मध्ये एक प्रायोगिक शाळा काढली. तिथली लहान मुले स्वयंपाक करत, विणकाम करत, सुतारकाम करत. अंडे शिजवताना पाककृतीच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सरळ का करायचे नाही, असे एका मुलाने विचारले, तेव्हा पाणी किती तापले की अंड्यातल्या पांढऱ्या भागाचे काय होते, हे मुलांनी प्रयोगाने शोधले. आदिमानव काय नेसत होता, हे शिकताना त्यांच्या हाती लोकर आणि कापसाची बोंडे दिली गेली. एका मुलाने अर्धा तास खपून बोंडातून सरकी वेगळी केली, तेव्हा एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅमसुद्धा कापूस निघाला नाही. त्यावरून मुलांनी ताडले की आपले पूर्वज कापसाआधी लोकरीकडे का वळले असतील.

ही हकिगत वाचताना वऱ्हाडी माणसाला हसू येईल आणि थोडी हळहळही वाटेल. कापसाचे बोंड! त्यांना ते मुद्दाम मिळवून आणावे लागले असेल, आपल्याकडे ते शाळेच्या कुंपणाला टेकून उभे असते. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला तो या कापसासाठीच. शेजारच्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रात सरकी काढण्याचे साधन दिसते, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीचे चित्र, दीडशे वर्षांपूर्वीची रेल्वे आणि आजचे बोंड हे सारे एका दिवसाच्या सहलीच्या टप्प्यात आहे. एवढी श्रीमंती शिकागोच्या मुलांना नव्हती.

आपल्या विदर्भातही हा विचार नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि सेवाग्रामला नयी तालीम उभी राहिली. सूतकताई, शेती, स्वयंपाक, सफाई यांतून गणित, भाषा, विज्ञान शिकवायचे, असा तो प्रयत्न होता. स्वातंत्र्यानंतर तो सरकारी शाळांत पोचला तो टकळीचा एक तास होऊन, आणि पुढे तोही गेला. तरी बी मेले नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याचा अभ्यासक्रम उभा केला, कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढले आणि सेवाग्रामचे आनंद निकेतन २००५ मध्ये पुन्हा सुरू झाले.

मग हे सगळीकडे का पसरले नाही? याचे उत्तर मला एका पालकाने घाटाखालच्या एका गावात दिले होते. पाराशी गप्पा चालल्या होत्या. मी हाच विषय काढला, तसा तो म्हणाला, "साहेब, चुलीतून अन् वावरातून बाहीर काढाले पोराले शाळेत घातलं. तुमी त्याले पुन्हा तिथंच नेता का?" या प्रश्नावर टाळीचे उत्तर नाही. ज्याच्या तीन पिढ्यांचे हात मजुरीत झिजले, त्याला हाताच्या कामाचे कौतुक पुण्या-मुंबईच्या माणसाने सांगू नये. नयी तालीम गरिबांच्या मुलांना गरीबच ठेवण्याची युक्ती आहे, असा संशय तेव्हाही होता आणि तो सगळाच खोटा नव्हता. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग रिकामे पडतात, हे घाटावर आणि घाटाखाली सगळ्यांना माहीत आहे. त्या मुलांच्याही हातात बोंडच असते.

तरीही त्या पालकाला माझे उत्तर आहे. शिकागोच्या मुलाच्या हातातले बोंड आणि आपल्या मुलाच्या हातातले बोंड यांत फरक आहे तो प्रश्नाचा. वेचणीला गेलेल्या मुलाला संध्याकाळी विचारतात, किती किलो झाला? शाळेत त्यालाच विचारले पाहिजे, असे का झाले असेल आणि तुला कसे कळले? काम संपले की ज्याच्या हाती उत्तर उरत नाही, ती मजुरी. ज्यातून नवा प्रश्न निघतो, ते शिक्षण. म्हणूनच मुलांकडून सगळ्या शाळेचा स्वयंपाक करून घेणे किंवा भांडी घासून घेणे मला मुळीच मान्य नाही. मोठे पातेले आणि आच स्वयंपाकीण बाईंच्याच ताब्यात राहावी. मुलांनी मोजावे, पाहावे, लिहावे आणि आपल्या छोट्या पातेल्यात गुरुजींच्या देखरेखीखाली प्रयोग करावा. आणखी एक पथ्य. तराजू मुलग्यांच्या हाती आणि पोळपाट मुलींच्या हाती, अशी वाटणी झाली तर सगळ्यावर पाणी पडले. तसेच कोणी शिजवायचे आणि कोणाच्या हातचे खायचे, हा जुना विटाळही या पातेल्याजवळच धुऊन निघाला पाहिजे. एका वर्गाने मिळून शिजवलेले एका पंगतीत बसून खाणे, यासारखा नागरिकशास्त्राचा धडा नाही.

शिक्षकांची अडचण मला समजते. खिचडीचे रजिस्टर, ऑनलाइन माहिती, बैठका आणि निवडणुकीची कामे यातून त्यांना वेळ उरत नाही. म्हणून नवे काही लादू नये. शनिवार आनंददायी करण्याचा उपक्रम राज्याने २०२४ मध्ये जाहीर केला, २०२० च्या राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत. जागा कागदावर आहे. त्या जागेत गाणी-खेळांबरोबर महिन्यातून दोनदा तरी पातेल्याजवळ एक तास भरावा. त्या तासाला स्वयंपाकीण बाईंनाही बोलू द्यावे. डाळ शिजली हे तुम्ही कशावरून ओळखता, हे मुलांनी त्यांना विचारावे. वर्षानुवर्षे मुलांना वाढणाऱ्या त्या काकू कधी काही शिकवूही शकतात, हे मुलांना आणि काकूंनाही समजावे. वर्षातून एक दिवस घाटावरच्या शाळांनी भोनला जावे आणि घाटाखालच्यांनी लोणारला यावे. एसटी अजून दोन्हीकडे जाते.

शहरातल्या महागड्या शाळांतून आता 'ॲक्टिव्हिटी'च्या नावाने मुलांना सँडविच करायला शिकवतात आणि त्याची वेगळी फी घेतात. आपले पालक ते पाहून पोटाला चिमटा घेतात आणि मुलाला पिवळ्या बसमध्ये बसवतात. इकडे जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट रोडावत चालला आहे. शेवटी या शाळांजवळ काय आहे, असे कोणी विचारले, तर मी म्हणेन, रोज पेटणारी चूल आहे, ती हाताळणारी जाणती बाई आहे, दारात कापूस आहे आणि चार तासांच्या आत लोणार, भोन आणि अजिंठा आहे. फी देऊन यातले काहीही विकत मिळत नाही. येत्या सोमवारी एखाद्या गुरुजींनी चौथीच्या मुलांना तराजू घेऊन शेडमध्ये नेले आणि विचारले, आज किती तांदूळ काढायचा, तर सुरुवात झाली.